मागील दोन शॉकअप स्वहस्ते बदलिल्याची बखर

॥ श्री ॥ मोटारीचे दर्शनी फळीवर चिकटपट्टीने विराजमान, उन्हाने ज्यांची सोंड किंचित फिकी पडिली, त्या श्री गजाननाचे चरणी मस्तक ठेवून, चारी चाकांस वंदन करून आणि पाचवे जे स्टेपनी त्यासही न विसरून हा मजकूर लिहावयास घेतला. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, शुक्ल पक्षी, घाटाखालील राज्यात जे मोठे कार्य सिद्धीस गेले त्याची हकिकत पुसाल तर ऐसी आहे. ऐकीव ते ऐकीव म्हणोन लिहिले, डोळां देखिले ते देखिले म्हणोन लिहिले, आणि जेथे अभिमान आवरला नाही तेथे तो आवरावयाचा यत्नही केला नाही, हे आधीच कळवितो.

त्या राज्याचे धनी राजश्री हणमंतराव. पाटबंधारे खात्यात उभी हयात चाकरी करोन निवृत्त जाहले आणि तेव्हांपासून अंगणातल्या फाटकापासून परसातल्या नळापर्यंत सारा मुलूख जातीने पाहू लागले. अंगी रग मोठी. फ्यूज उडाला असता वायरमन बोलावणे हा अपमान आणि नळ गळू लागला असता प्लंबर बोलावणे ही शिकस्त, ऐसा त्यांचा बाणा. एके समयी मिक्सर उघडोन पुन्हा जोडिला, तेव्हां एक स्क्रू हाती उरला. तो जास्तीचाच होता ऐसे सांगोन डब्यात ठेविला, आणि नवल हे की मिक्सर चालला. पट्टराणी सगुणाबाईसाहेब, यांचे बोलणे थोडे, परंतु बोलल्या म्हणजे दरबार बरखास्त. कन्या एकच, वृषाली, ती घाटापलीकडे संपतराव व्याह्यांचे घरी दिली होती. आणि राज्याचा रथ म्हणाल तर मोतिया रंगाची जुनी मोटार. इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत, परंतु मागील दोन शॉकअप, म्हणजे चाक खड्ड्यात आदळले असता जो धक्का आपण गिळोन वर बसल्या माणसास पोहोचू देत नाहीत ते दोन दांडके, पार निकामी जाहले होते. रावसाहेब पुढे सारथ्यास बसत, त्यामुळे त्यांस त्याचे दुःख ठाऊक नव्हते. मागे बसणारे कण्हत तेव्हां ते म्हणत, ‘रस्ताच तसा आहे.’

तो वृषालीस दिवस गेले आणि सातवे महिन्यात व्याह्यांनी डोहाळजेवणाचा बेत केला. रावसाहेब व बाईसाहेब रथारूढ होऊन घाट चढोन गेले. मनसुबा ऐसा की पहिले बाळंतपण माहेरीच व्हावयाचे, ही रीत वाडवडिलांची, तरी समारंभ आटोपताच कन्येस रथात बसवोन आणावी. तो काय घडले? रथ व्याह्यांचे दारी थांबला, इंजिन बंद जाहले, परंतु मागील बाजू काही थांबेना. वर जाई, खाली येई आणि पुन्हा वर जाई. मांडवातील मंडळी तोंडाला पदर व रुमाल लावून पाहत राहिली. संपतराव हे ट्रॅक्टर आणि ट्रॉलीत मुरलेले गृहस्थ. ते सामोरे आले, ‘या, या’ म्हणाले, आणि हातात हात देण्यापूर्वीच रथाचे मागील कोपऱ्यावर पंजा ठेवून भार टाकिला आणि सोडिला. मग रथ जो झुलू लागला तो पाळण्यागत झुलतच राहिला. संपतराव बोलिले, ‘पाव्हणं, शॉकअप गेल्यात की तुमचं! आवो, सून हाय आमची, शिमिटाचं पोतं नव्हं. ह्या गाडीत मागं बसवून घाट उतरवायचा म्हंजे पोरीच्या पोटातलं पानी डचमळंल. त्यापरीस बाळंतपण हितंच हुं द्या. आमी काय परकं हाय व्हय?’ बोलण्यात दुष्टावा नव्हता, काळजीच होती. परंतु काळजी चारचौघांत बोलून दाखविली म्हणजे वर्मी लागते, तैसी ती लागली. रावसाहेबांची मुद्रा लाल जाहली आणि ते कन्येस भेटावयास आत गेले.

वृषाली हिरवी साडी नेसोन, फुलांचे दागिने लेवोन बसली होती. चेहरा टवटवीत, परंतु पित्यास पाहताच डोळे भरोन आले. हळूच बोलली, ‘आबा, ही माणसं लई जपतात मला. पण मला आपल्या घरी यायचंय हो. पहिल्याच वेळेला आई जवळ नसली तर मला भीती वाटेल.’ इतके ऐकोन रावसाहेबांनी तिचे मस्तकी हात ठेविला. तशात जावयांनी सांगितले की, डॉक्टरीणबाईंनी पुढल्या रविवारपर्यंतच प्रवासास रुकार दिला असे, त्याउपरी नाही. मग रावसाहेब मांडवात आले आणि उभ्या पंक्तीसमोर मोठ्याने बोलिले, ‘संपतराव, पुढच्या रविवारी सकाळी मी पोरीला न्यायला येतो. गाडी अशी करून आणतो, की मागं बसून बशीतला चहा प्याला तरी सांडायचा नाही. आणि गॅरेजला नाही लावणार. मी स्वतः शॉकअप बदलणार. ह्या दोन हातांनी!’ संपतराव म्हणाले, ‘मागं मी सवता बसून बघनार. पटलं तरच पोरगी.’ रावसाहेब म्हणाले, ‘खुशाल बसा.’ परतीचे वाटेस, घाट उतरल्यावर, बाईसाहेब एवढेच बोलल्या, ‘गॅरेजचं तेवढं नसतं बोललात तरी चाललं असतं.’ परंतु धनुष्यातून सुटला बाण आणि पंक्तीत सुटला शब्द, दोन्ही माघारे येत नाहीत.

मग मोहिमेची सिद्धता आरंभिली. खासा स्वारी बाजारपेठेत जावोन नवे दोन शॉकअप घेवोन आली. दुकानदाराने पुसिले, ‘काका, मिस्त्री कोण?’ रावसाहेबांनी छातीस हात लाविला. दुकानदार म्हणाला, ‘दोन्ही एकदमच बदला. एक नवा, एक जुना ठेवलात तर गाडी लंगडेल. आणि जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका.’ हे शेवटचे वाक्य रावसाहेबांनी घरी सांगितले नाही, परंतु बाईसाहेबांस ते न सांगताच ठाऊक होते, कारण त्यांनी त्याच दिवशी शेजारील ट्रॅक्टरवाल्याकडोन दोन लोखंडी घोड्या मागोन आणिल्या, म्हणजे ज्यावर उचललेला रथ टेकवितात ते स्टँड, आणि हुकूम केला की, ‘आधी गाडी ह्यांच्यावर, मग तुमचं डोकं खाली. नाहीतर मी पाना विहिरीत टाकीन.’ हुकूम शिरसावंद्य जाहला. फोनवरील व्हिडिओ पाहोन रावसाहेबांनी सर्व विद्या आत्मसात केली, आणि ती इतकी झाली की जेवताना कढी वाढू का ऐसे पुसिले असता ‘खालचा बोल्ट आधी की वरचा नट आधी’ याचाच विचार करीत वाटी पालथी घातली.

आता येथे एक गोष्ट ऐसी घडली, जी पुढे सर्व मोहिमेस ग्रहण लावणारी ठरली, म्हणोन खुलासेवार लिहितो. त्या राज्याची रीत अशी की घरात नवी वस्तू आली, मग ते कपाट असो की कुकर, तीस हळदकुंकू लाविल्याविना वापरात आणीत नाहीत. शॉकअप तर खास कन्येसाठी आणिलेले. तेव्हां शनिवारचे मुहूर्तापूर्वी, शुक्रवारी सांजेस, ते दोन्ही देवघरासमोर पाटावर उभे केले. बाईसाहेब बोटाने हळदकुंकवाचे टिंब लावणार, तो रावसाहेब म्हणाले, ‘एवढंसं काय लावतेस? लढाईला निघालेत ते. आण इकडं.’ आणि विचार केला की चाकाखालील वाऱ्याने कुंकू उडोन जाईल, तरी ते टिकाऊ करावे. म्हणोन वाटीत कुंकू घेवोन त्यात डिंक कालविला, आणि तिलक कपाळी लावावयाचा, तर शॉकअपचे कपाळ म्हणजे वरचे टोक, जेथे पेच कातिला असतो आणि ज्यावर नट बसतो, तेथे पेचात भरेल इतका जाड लेप दिला, आणि वर मूठभर अक्षता डकविल्या. बाईसाहेब म्हणाल्या, ‘दिसतात छान.’ खरोखरच छान दिसत होते. रात्रभरात डिंक वाळोन दगड जाहला.

शनिवारी सकाळी अंगणात रण मांडिले. रथाचे मागील बूड जॅकने उचलोन घोड्यांवर टेकविले, दोन्ही चाके काढोन भिंतीस लाविली, आणि रावसाहेब जुनी विजार नेसोन पाठीवर निजोन खाली शिरले. बाईसाहेब डिकीत विराजमान जाहल्या, कारण वरचा नट डिकीचे आतून फिरवावयाचा आणि तो फिरविला असता आतील दांडाही संगे गरगर फिरे, तो पकडीने धरोन ठेवणे हे काम त्यांचेकडे होते. आणि शेजारील काशिनाथपंत, ज्यांस दुसऱ्याचे घरचे काम पाहिल्याविना चहा गोड लागत नसे, ते आपली प्लास्टिकची खुर्ची घेवोन फाटकाशी स्थानापन्न जाहले आणि म्हणाले, ‘हणमंतराव, माझ्या मेव्हण्यानं असंच केलं होतं. तीन आठवडे गाडी विटांवर होती.’ रावसाहेब खालून म्हणाले, ‘तुमचा मेव्हणा मी ओळखतो. सायकलची चेन बसवायला त्याला माणूस लागतो.’ पंतांनी चहाचा घोट घेतला. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने डिकीत पाहोन पुसिले, ‘सगुणाताई, आत काय करताय?’ बाईसाहेब म्हणाल्या, ‘बाळंतपणाची तयारी.’ आणि त्यात असत्य काही नव्हते.

वरचे नट सुटले, परंतु खालचे बोल्ट हे मोठे चिवट किल्लेदार. इतक्या पावसाळ्यांचा चिखल आणि गंज खावोन ते लोखंडाशी एकजीव जाहले होते. पाना लाविला, ओढिला, हलले नाहीत. रॉकेल पाजिले, वाट पाहिली, पुन्हा ओढिला, हलले नाहीत. मग हातोडीने वरून टकटक करोन गंज दचकविला आणि परसातील नळाचा लोखंडी पाइप पान्याचे दांड्यावर चढवोन त्यास लांब केले, आणि रावसाहेबांनी दोन्ही पाय भिंतीस लावून, दात खाऊन ओढिले. पंत म्हणाले, ‘उलटं फिरवताय का सुलटं?’ रावसाहेब म्हणाले, ‘पंत, तुम्ही चहा फिरवा!’ आणि त्याच रागाचे जोरात बोल्ट असा कर्रकन ओरडला की पंतांचे बशीत चहा सांडला, आणि किल्लेदार शरण आला. रावसाहेबांनी खालून आरोळी दिली, ‘सुटला गं, सुटला!’ आणि बाईसाहेबांनी डिकीतून पकडीने पत्रा वाजविला, तो नगाऱ्यासारखा वाजला. दुसरी बाजूही मग लवकरच फत्ते जाहली. जुने शॉकअप बाहेर काढिले ते तेल गळोन काळे पडले होते. हाताने दाबिले तर आत गेले ते आतच राहिले, वर यावयाची त्यांस इच्छाच उरली नव्हती. रावसाहेब त्यांकडे पाहोन म्हणाले, ‘बिचाऱ्यांनी कधी सोडलं देव जाणे. आपण चालवतच राहिलो.’

मग नवे शॉकअप घेतले. त्यांची बंदपट्टी कापिली तो आतील वायूचे जोराने दांडा आपोआप हळूहळू वर उठो लागला, आणि पंत खुर्चीसकट मागे सरकोन म्हणाले, ‘जिवंत आहे की काय हो!’ रावसाहेबांस त्याचा फारच अभिमान वाटला, जणू तो गुण आपणच त्यात घातला. खालचे बोल्ट अडकविले, परंतु शेवटचे आवळले नाहीत, कारण रथ चाकांवर उभा राहिल्यावाचून ते आवळू नयेत, नाहीतर आतील रबर पिळवटते, हे शास्त्र त्यांनी शिकोन घेतले होते. मग वरचे टोक डिकीत आले, कुंकवाने लालभडक, अक्षतांनी मढलेले, आणि त्यावर नट चढविला. तो दोन वेढे गेला आणि जड जाहला. पाना लाविला, आणिक थोडा गेला, आणि मग हलेना. दुसरे बाजूसही तैसेच जाहले. रावसाहेब हर्षोन म्हणाले, ‘बसला! पक्का बसला!’ बाईसाहेबांनी नटाखालील रबर बोटाने दाबोन पाहिले आणि म्हणाल्या, ‘अहो, हे अजून हलतंय.’ रावसाहेब म्हणाले, ‘रबर आहे ते. रबर हलणारच. नट बघ, जीव गेला तरी हलत नाही.’ नट खरोखर हलत नव्हता. मग चाके चढविली, घोड्या काढिल्या, रथ जमिनीवर उतरविला, खालचे बोल्ट शास्त्राप्रमाणे आवळले, आणि हात पुसण्याची उसंत न घेता रावसाहेबांनी व्याह्यांस फोन लाविला. ‘संपतराव, काम फत्ते! उद्या सकाळी हजर होतो. पोरीची बॅग भरून ठेवा.’ पलीकडोन आवाज आला, ‘बघू की.’

फोन ठेविला तो बाईसाहेब चालकाचे जागी बसल्या होत्या. त्यांस सारथ्य येत असे, परंतु रावसाहेब सोबत असता ते देत नसत. बाईसाहेब म्हणाल्या, ‘आज मी चालवते. तुम्ही मागं बसा.’ रावसाहेब म्हणाले, ‘मागं? मी?’ बाईसाहेब म्हणाल्या, ‘पोरगी कुठं बसणार आहे?’ तेव्हां स्वराज्य स्थापनेपासून प्रथमच रावसाहेब आपल्याच रथाचे मागील आसनावर बसले, आणि रथ फाटकाबाहेर पडला. सपाटीवर सुख होते. परंतु पहिला गतिरोधक आला आणि रावसाहेबांचे पाठीमागे डिकीतून आवाज आला, खडाक! पुढे खड्डा आला, खडाक खडाक! उजवीकडे, डावीकडे, दोन्हीकडे. जणू कोणी आत बसोन पत्र्यावर हातोडा मारतो. रावसाहेब आरंभी म्हणाले, ‘जॅक ठेवलाय ना आत, तो आपटत असेल.’ बाईसाहेब म्हणाल्या, ‘जॅक अंगणात आहे.’ मग रावसाहेब म्हणाले, ‘नवीन आहे, बसेल हळूहळू.’ बाईसाहेबांनी मुद्दाम ओढ्यापलीकडील खडीचे रस्त्यास रथ घातला. तेथे प्रत्येक खडाक रावसाहेबांचे मणक्यात शिरला. आणि तेथे त्यांस कळो आले की वृषाली शाळेत होती तेव्हांपासून ह्याच आसनावर बसत आली, आणि इतकी वर्षे ती मागून ‘आबा, हळू’ म्हणे तेव्हां आपण ऐकले नाही. हे लिहिताना आमचाही बोरू थांबला.

रथ घरी आला. पंत खुर्चीवरच होते. त्यांनी आवाज फाटकापासून ऐकिला होता, परंतु मनुष्य भला, मेव्हण्याचे नाव काढिले नाही. रावसाहेब ओट्यावर बसले, हात काळे, चेहरा काळा, आणि फोन काढोन म्हणाले, ‘संपतरावांना सांगतो. तुमची गाडी पाठवा म्हणतो, नाहीतर बाळंतपण तिकडंच करा. माझं नाक गेलं तर जाऊ दे. पण ह्या आवाजात मी तिला बसवणार नाही. त्या पोटातल्या जिवाला कशाला माझ्या हट्टाचे धक्के?’ एवढे शब्द त्यांचे तोंडून निघाले ते उभ्या हयातीत पहिल्याने, आणि आमचे मते ह्या मोहिमेतील थोर पराक्रम बोल्ट सोडविण्याचा नव्हे, तो हाच. बाईसाहेबांनी फोनवर हात ठेविला आणि म्हणाल्या, ‘दोन मिनिटं थांबा. आधी डिकी उघडा.’ डिकी उघडिली. रावसाहेबांनी वाकोन पाहिले, तो नटाभोवती लाल भुकटी सांडली होती आणि चुरलेल्या अक्षता पडल्या होत्या. नटाखाली बोट घातले तर नट आणि रबर यांमधोन बोटाचे नख सहज जाई. रावसाहेब एकदम ताठ जाहले. ‘अगं, नट रबरावर बसलाच नाही! तो कुंकवात रुतलाय. डिंकात. पेच भरलाय माझ्याच लेपानं. म्हणून मला वाटलं, आवळला.’

नट पुन्हा सोडविले, त्यास पाइप लागला, आणि पेच पाहिला तो लाल दगड. रावसाहेब म्हणाले, ‘सोपं आहे. फडकं आण, आणि हे कुंकू पूस.’ हे शब्द कानी पडताच बाईसाहेबांची मुद्रा पालटली. त्या बोलिल्या, ‘काय बोलताय तुम्ही! तोंड सांभाळा. उद्या पोरीला आणायला निघायचं, आणि आज मी माझ्या हातानं कुंकू पुसू?’ रावसाहेब म्हणाले, ‘मी पुसतो मग.’ ‘तुम्ही तर मुळीच नाही!’ उभयता डिकीपुढे उभी राहिली, मध्ये दोन शॉकअप कपाळ भरून, आणि सूर्य कलो लागला. पंत फाटकातोन म्हणाले, ‘मी पुसू का?’ तेव्हां दोघांनी एकसमयावच्छेदे त्यांकडे ऐसे पाहिले की ते बशी धुवावयास घरी गेले. मग बाईसाहेबांनी विचार केला आणि त्यांचे मुखातून जो निवाडा निघाला तो भल्या भल्या शास्त्र्यांस सुचला नसता. त्या म्हणाल्या, ‘देवाच्या मूर्तीवरचं कालचं कुंकू आपण पुसतो का? नाही. रोज सकाळी स्नान घालतो, ते आपोआप उतरतं. ह्यांना स्नान घाला.’

आणि तैसेच केले. बाईसाहेबांनी कढत पाणी आणिले, ते साध्या बादलीत नव्हे, देवाचे तांब्यात, आणि बारीक धार धरिली, आणि रावसाहेबांनी जुना टूथब्रश घेवोन पेचाचा एकेक वेढा निर्मळ केला. डिंक मऊ पडला, लाल पाणी ताटात उतरले, ते बाईसाहेबांनी तुळशीत न ओतता जास्वंदीचे मुळाशी ओतिले. मग कोरडे करोन पेचास थेंबभर तेल दिले, आणि नवा तिलक लाविला तो मात्र दांडक्याचे अंगावर, पेचापासून चांगला हातभर खाली, डिंकावाचून, बाईसाहेबांचे बोटाने, एवढासा. नट आता लोण्यात सुरी जावी तैसा खाली गेला, रबरावर बसला, आणि रबर दबोन बाहेर फुगले. बाईसाहेबांनी बोटाने दाबोन पाहिले आणि मान डोलाविली. पुन्हा रावसाहेब मागे बसले आणि पुन्हा खडीचा रस्ता धरिला. गतिरोधक आला, खड्डा आला, खडी आली. डिकी मुकी जाहली. रथ एकदा वाके, एकदा उठे, आणि स्वस्थ राही. रावसाहेब मागे हात टेकोन बसले होते, ते सावकाश मागे रेलले आणि त्यांनी डोळे पुसिले. बाईसाहेबांनी ते आरशात पाहिले आणि पाहिले नाही ऐसे केले.

रविवारी प्रातःकाळी स्वारी घाट चढोन व्याह्यांचे दारी पोहोचली. संपतराव वाटच पाहत होते. ते थेट मागील आसनावर बसले, दार लाविले आणि म्हणाले, ‘ओढ्यापत्तुर चला. आन खड्डा चुकवायचा न्हाई.’ रावसाहेबांनी एकही खड्डा चुकविला नाही. उलट एक तर वाकडी वाट करोन गाठिला. परत आले तेव्हां संपतराव उतरले, डोईची टोपी नीट केली, रावसाहेबांचे हात आपल्या हाती घेवोन उलटे केले, नखांतला काळा मळ पाहिला, आणि घराकडे वळोन हाक दिली, ‘अगं, सुनबाईची बॅग आना भाईर!’ मग रावसाहेबांस म्हणाले, ‘पाव्हणं, त्या दिशी मांडवात बोललो, ते मनात ठिऊ नगासा. पोरीच्या काळजीनं बोललो.’ रावसाहेब म्हणाले, ‘खरं बोललात. दहा वर्षं आधी कुणीतरी बोलायला पाहिजे होतं.’ विहीणबाईंनी वृषालीची ओटी भरिली, सर्वांनी डोळे पुसिले, आणि रथ निघाला.

रावसाहेबांनी मनात भाषण सिद्ध ठेविले होते. घाटात अमुक वळणी जो मोठा खड्डा आहे, जेथे वृषाली लहानपणापासून किंचाळे, तेथे आरशात पाहावयाचे, आणि कन्या म्हणेल, ‘आबा, कळलंसुद्धा नाही हो!’, मग आपण बेफिकिरीने म्हणावयाचे, ‘काही नाही गं, दोन नट आवळले.’ ऐसा सर्व बेत. खड्डा जवळ आला. रावसाहेबांनी घसा खाकरिला आणि म्हणाले, ‘वृषे, आता बघ हं.’ रथ खड्ड्यात गेला, वाकला, उठला. मागून उत्तर नाही. पुन्हा म्हणाले, ‘वृषे?’ तेव्हां बाईसाहेब हळूच बोलल्या, ‘हळू बोला. निजलीय ती.’ रावसाहेबांनी आरशात पाहिले. कन्या आईचे खांद्यावर मान टाकून, एक हात पोटावर ठेवून, तोंड किंचित उघडे टाकून गाढ निजली होती. मग ते भाषण रावसाहेबांनी गिळिले, आणि सारा घाट उतरेपर्यंत त्यांचे मुखावर जे हसू होते ते पुढून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरानेही पाहिले आणि ओळख नसता हात केला.

घरापुढे रथ उभा राहिला, तेव्हां कन्या जागी जाहली, डोळे चोळीत बाहेर पाहिले, आणि म्हणाली, ‘आलं पण घर?’

येणेप्रमाणे मागील बाजूचा मजकूर. राव, बाईसाहेब व कन्या क्षेमरूप असत. घाटातला तो मोठा खड्डा कन्येस झोपेतच गेला, हे कोणी तिला अद्यापि सांगितले नाही, आणि रावसाहेबही सांगत नाहीत, हे विशेष. पुढील बाजूचे दोन शॉकअप शाबूत असत. त्यांस कोणी हात लावू नये ऐसी बाईसाहेबांची सक्त ताकीद आहे. लेखनसीमा.